देणे आहे… पण कुणाला?

मुंबईत नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोनच प्रश्न विचारले जातात. एक, ‘काय करतेस?’ आणि दोन, ‘राहतेस कुठं?’ पहिल्याचं उत्तर हवं तसं फेकता येतं. मी ‘फ्रीलान्स जर्नालिस्ट’ म्हटलं की समोरचा ‘वॉव’ म्हणतो आणि मनातल्या मनात त्याचं ‘म्हणजे बेकार’ असं भाषांतर करतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र फेकाफेक चालत नाही. कारण माणूस कुठं राहतो यावरून मुंबईकराला त्याचा पगार, त्याची लोकल, उठायची वेळ आणि लग्नाच्या बाजारातला भाव, सगळं कळतं, बॉस!

मी परभणीची. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मास कॉमची डिग्री केली. तिथंच एका पेपरात दोन वर्षं पुरवण्या भरल्या. मग सगळ्यांसारखं मलाही वाटलं की खरं काम मुंबईतच असतं. देवगिरी एक्स्प्रेसचं स्लीपरचं तिकीट काढलं, एक सॅक, एक ट्रॉली बॅग, आईनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि निघाले. पहिले दोन महिने अंबरनाथला आत्याकडे. आत्याचं घर वन रूम किचन, माणसं पाच, मी सहावी. आत्या कधी काही बोलली नाही. पण आतेभाऊ दहावीला होता आणि त्याची अभ्यासाची जागा म्हणजे मी झोपायचे ती जागा. रात्री अकराला तो पुस्तक मिटायचा, मग मी गादी पसरायचे. पाहुण्यांनी किती दिवस राहावं याचं कॅलेंडर कुठल्या भिंतीवर लावलेलं नसतं, पण ते सगळ्यांना वाचता येतं.

तेव्हा घर शोधायला लागले. म्हणजे ‘घर’ हा शब्द जरा मोठा झाला. आधी शोधली ती कॉट.

कॉट बेसिस, म्हणजे काय रे भाऊ?

अंधेरीत एका काकूंकडे तीन मुलींच्या खोलीत एक कॉट, एक कपाट आणि फ्रीजमधला अर्धा कप्पा एवढं माझं साम्राज्य. नियमांचा कागद दारामागे चिकटवलेला. साडेदहानंतर लाइट बंद. गीझर दहा मिनिटं. कपडे धुणं फक्त रविवारी. नॉनव्हेज आणायचं नाही, बाहेरून खाऊन आलात तर ‘वास येता कामा नये’. मैत्रीण आली तर जिन्यात बोलायचं, मित्र आला तर रस्त्यावर. आणि भाडं विचाराल तर परभणीत तेवढ्यात दोन बेडरूमचं घर येतं, वर अंगण!

पण माझा खरा प्रॉब्लेम वेगळाच होता. मी घरून काम करणारी. काकूंच्या मते दिवसा घरी असणारी मुलगी म्हणजे आजारी तरी असते नाहीतर काहीतरी झोल तरी असतो. लॅपटॉप लावायला एकच प्लग, तोही मिक्सरचा. मुलाखतींचे फोन मी जिन्यात बसून करायचे. एका कॉर्पोरेट साहेबांनी तर विचारलंच, ‘मॅडम, तुमच्या ऑफिसमध्ये कुकरच्या शिट्या फार होतात का?’

त्या खोलीत एक चांगली गोष्ट झाली. रूममेट मिळाली. चिपळूणची, एका बँकेच्या बॅक ऑफिसात कामाला. तिची शिफ्ट रात्री संपायची आणि काकूंचा नियम साडेदहाचा. तीन महिन्यांनी दोघींनी ठरवलं, बास! आता स्वतःचं, म्हणजे भाड्याचं का होईना, पण चावी आपल्या हातात असलेलं घर.

ब्रोकरची बाराखडी

घर शोधायला लागलं की आधी एक नवी भाषा शिकावी लागते. तुमच्या सोयीसाठी काही शब्दार्थ देते. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ म्हणजे रिक्षानं, तीही रात्री दोन वाजता. ‘सेमी फर्निश्ड’ म्हणजे एक ट्यूबलाइट आणि आधीच्या भाडेकरूनं टाकून दिलेलं कपाट. ‘हवेशीर’ म्हणजे खिडकीला काच नाही. ‘वन बीएचके कन्व्हर्टेड’ म्हणजे वन आरकेच्या मधोमध प्लायवूड. ‘ओनर एकदम कूल आहेत’ म्हणजे ओनर दुबईत आहेत आणि त्यांची बहीण समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. आणि ‘हेवी डिपॉझिट’ म्हणजे मालकाला एकदम लाखांत रक्कम द्यायची आणि दर महिन्याचं भाडं नावापुरतं किंवा अजिबातच नाही. आमच्यासारख्यांनी हा शब्द ऐकून फक्त मान डोलवायची.

ॲपवर ‘नो ब्रोकरेज’ लिहिलेल्या जाहिरातीला फोन केला तरी निम्म्या वेळा पलीकडून ब्रोकरच बोलतो. तो म्हणतो, ‘तो फ्लॅट कालच गेला, पण दुसरा आहे.’ ‘तो’ फ्लॅट बहुतेक कधी नव्हताच. तो गळाला लावलेला गांडूळ!

आता हिशोब बघा. आम्हाला परवडणारं भाडं २४ हजार, दोघींत मिळून. डिपॉझिट एक लाख. दलाली एका महिन्याचं भाडं, म्हणजे आणखी २४ हजार. ॲग्रीमेंटचा खर्च धरा तीनेक हजार. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. झाले एक लाख ५१ हजार, टेम्पो आणि गॅसची शेगडी सोडून. दरडोई ७५ हजार ५००. माझ्या खात्यात तेव्हा १९ हजार होते आणि दोन मासिकांकडून यायचे चेक ‘प्रोसेसमध्ये’ होते. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. त्यांनी एक एफडी मोडली. फोनवर एवढंच म्हणाले, ‘बघून घे, घाई करू नको. पैसे पडलेलेच होते.’ एफडी अशी नुसती पडलेली नसते, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

अकराच महिने का?

घर शोधता शोधता सवयीनं मी वाचायलाही लागले. ‘११ महिने’ हा काय प्रकार आहे? बाराच का नाहीत?

एक साधं कारण असं, की १९०८ च्या रजिस्ट्रेशन ॲक्टप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो. म्हणून देशभर अकराची सवय पडली. पण मुंबईच्या घरमालकाच्या मनातली भीती त्याहून खोल आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली, तीही १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर. महायुद्धाच्या काळात भाडी भडकू नयेत म्हणून आणलेली सोय पुढे दशकानुदशकं चालली. भाडं नाममात्र, त्यामुळे मालक दुरुस्ती करेनात. इमारती खचल्या आणि त्यांच्या भोवती पागडीचं अख्खं जग उभं राहिलं. मग मालकांनी शक्कल काढली, की भाडेकरू ठेवायचाच नाही, ‘लिव्ह अँड लायसन्स’वर ठेवायचा. म्हणजे घर माझंच, तुला फक्त राहायची परवानगी. पण १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवान्यावर राहत होते, त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालकांनी धसकाच घेतला. घर रिकामं राहिलेलं चालेल, पण माणूस नको, अशी कुलपं लागली.

‘घरौंदा’ नावाचा सिनेमा आहे, १९७७ चा. अमोल पालेकर आणि झरीना वहाब मुंबईत घर शोधतात आणि बिल्डर त्यांना बुडवतो. तो सिनेमा त्याच दशकातला आहे, हे मला आता लक्षात येतं.

आजचा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाची भीती बऱ्यापैकी घालवलीय. मुदत संपली की लायसन्सवाल्यानं जागा सोडायची. नाही सोडली तर भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई. पण त्याच कायद्यात आपल्यासाठीही एक कलम आहे, ५५ नंबरचं, आणि ते कुठलाच ब्रोकर सांगत नाही. ॲग्रीमेंट लेखी हवं आणि रजिस्टरच हवं, मग ते अकरा महिन्यांचं असो की दोन वर्षांचं. रजिस्टर करण्याची जबाबदारी मालकाची. केलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. है ना सही?

म्हणजे कागदावर दोघांचीही सोय झालेली. तरीही दारं उघडत नव्हती. का?

इंटरव्ह्यू

नोकरीसाठी मी आयुष्यात चार इंटरव्ह्यू दिले. घरासाठी सतरा! प्रश्नपत्रिका ठरलेली. लग्न झालंय? नाही. मग फॅमिली कुठाय? परभणीला. मग इथं कोण? आम्ही दोघी. म्हणजे ‘बॅचलर’! (मुलींनाही बॅचलरच म्हणतात. या एका बाबतीत मुंबईत संपूर्ण स्त्री-पुरुष समानता आहे.) सोसायटी अलाऊ करत नाही.

सोसायटी हे फार सोयीचं भूत आहे. मालकाला नाही म्हणायचं असेल तर तो सोसायटीवर ढकलतो, सेक्रेटरीला नाही म्हणायचं असेल तर तो कमिटीवर ढकलतो. वास्तविक महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर भाड्यानं द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवायचं आणि ॲग्रीमेंटची प्रत द्यायची. जास्तीचं शुल्क म्हणाल तर तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, हे सरकारनं २००१ मध्येच ठरवून दिलंय. पण हे एका सेक्रेटरी काकांना मी नम्रपणे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘तुम्ही वकील आहात का?’ म्हटलं, नाही, पत्रकार. त्यांचा चेहरा असा झाला की वकील बरा होता!

हो, हे लक्षात ठेवा. मुंबईत घरमालक ज्यांना टरकून असतात त्या यादीत वकील, पोलीस, पत्रकार आणि सिनेमावाले पहिल्या पानावर. त्यात मी फ्रीलान्स. सॅलरी स्लिप नाही. ‘मग पैसे कुठून येतात?’ हा प्रश्न मीही स्वतःला विचारते, पण असा बायोमेट्रिक स्कॅनरसारखा चेहरा करून नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं. दोघी संध्याकाळी वडापाव खात त्या दिवसाच्या मालकाची नक्कल करायचो. पुढचं मात्र नक्कल करण्यासारखं नव्हतं.

पूर्ण नाव?

माझं आडनाव गावावरून पडलेलं. शेवटी ‘कर’. असं आडनाव मुंबईत गोंधळात टाकतं. ‘कर’ म्हणजे कोणीही असू शकतं. म्हणून मग दुसऱ्या फेरीचे प्रश्न येतात. ‘पूर्ण नाव काय?’ ‘परभणीकडचे म्हणजे तुम्ही कोण?’ ‘गणपती दीड दिवसाचा की पाच?’

मालाडचा एक फ्लॅट आम्हाला फार आवडला होता. तिसरा मजला, बाल्कनीसमोर बदामाचं झाड, कामाला टेबल मावेल एवढी जागा. मालकीणबाई गोड. चहा झाला, चकल्या झाल्या. टोकन म्हणून पाच हजार दिले. निघता निघता त्यांनी सहज विचारलं, ‘तुमचं कुलदैवत कोणतं गं?’ रूममेट म्हणाली, आमची करंजेश्वरी. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘आमच्याकडे कुलदैवत नसतं मावशी. आम्ही बौद्ध आहोत.’

‘हो का? छान, छान.’

दोनदा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रोकरचा फोन. ओनरच्या घरी पाहुणे येणार आहेत, सध्या फ्लॅट द्यायचा नाही. टोकन परत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो फ्लॅट ॲपवर तसाच होता, बदामाच्या झाडाच्या फोटोसकट. आणखी एका घरी तर आडपडदा नव्हता. मालकांनी रूममेटला बाजूला घेऊन सांगितलं, ‘तुम्हाला देतो. पार्टनर दुसरी बघा.’ ती काही बोलली नाही, चपला घालून खाली आली. स्टेशनपर्यंत आम्ही दोघीही गप्प होतो.

ब्रोकर माणूस वाईट नव्हता. त्यालाही त्याचे २४ हजार हवे होते. एका टपरीवर कटिंग पाजून त्यानं मला प्रॅक्टिकल फंडा सांगितला. ‘मॅडम, विचारलं तर मराठा सांगायचं. सर्टिफिकेट कोण बघतंय? आणि ते फोटोबिटो आतल्या खोलीत लावा. शिफ्ट झाल्यावर कोण येतंय बघायला?’

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मी दोन मिनिटं विचार करत बसले. काकूंकडची मुदत महिनाअखेरीला संपत होती. पप्पांचे पैसे खात्यात पडून होते. एक शब्द तर बदलायचा होता. मग म्हटलं, ‘नाही जमणार, दादा. ते फोटो समोरच्या भिंतीवर लावायचे असतात.’ तो ‘जशी तुमची मर्जी’ म्हणाला आणि त्यानंतर त्याचे फोन कमी कमी होत गेले.

त्या रात्री घरी फोन केला. पप्पांना आधी सांगणार नव्हते, पण त्यांनीच विचारलं, ‘काय करायलीस? मिळालं का घर?’ सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बडोद्याचं आठवतंय का?’

आमच्या घरात बडोदा म्हणजे एकच गोष्ट. १९१७ साल. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला उतरले, तर राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं खोलीच्या दाराशी आली. संध्याकाळपर्यंत जागा सोड! त्या दिवशी ते बडोद्याच्या बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. त्यांनीच हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलंय. पप्पांनी ही गोष्ट चौथीच्या वर्गातल्या पोरांना दरवर्षी सांगितली आणि आम्हा भावंडांना त्याहून जास्त वेळा. लहानपणी मला ती इतिहासातली वाटायची.

दुसऱ्या दिवशी मी राज्यघटना उघडली. कलम १५ (२). दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, घाट, रस्ते… इथं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही. यादी मोठी आहे. भाड्याचं घर त्यात नाही. उलट सहकारी गृहनिर्माण सोसायटीला उपविधींनुसार आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं, असं सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात म्हटलेलं आहे. तो निकाल सभासदत्वाबद्दलचा, भाडेकरूबद्दलचा नव्हे. पण ‘आमच्यात आमचीच माणसं’ या वाक्याला बळ द्यायला तेवढा पुरतो. आणि तसंही, नाही म्हणताना खरं कारण सांगतो कोण? पाहुणे येणार असतात.

आजोबांची खोली

रूममेटच्या आजोबांची गोष्ट मला त्याच दिवसांत कळली. ते चिपळूणजवळच्या गावातून लालबागला गिरणीत आले ते थेट गावकीच्या खोलीत. चाळीतली एक खोली, गावच्या मंडळानं घेतलेली. ट्रंका भिंतीला, वळकट्या वर. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच्या जागी येऊन आडवा व्हायचा. जेवण जवळच्या बाईच्या खाणावळीत, महिन्याच्या हिशोबावर. गोव्याच्या लोकांचेही असेच क्लब होते, धोबीतलाव आणि माझगावकडे, ‘कूड’ म्हणतात त्याला. प्रत्येक गावाचा आपला कूड. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत पोरगा तिथं राहायचा.

ऐकायला किती भारी वाटतं! ब्रोकर नाही, डिपॉझिट नाही, सॅलरी स्लिप नाही. पण नीट बघितलं तर तिथंही आधी गाव आणि मग जात विचारूनच वळकटी टाकू दिली जायची. आमच्या लोकांचीही आपापली वस्ती होती, आपापल्या चाळी होत्या. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं चाळी बांधल्या, त्यातल्या परळच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये बाबासाहेबांनी अनेक वर्षं काढली. बडोद्यात नाव बदलूनही जागा मिळाली नाही, तिथून परत आले ते मुंबईत. याच मुंबईत! तेव्हा कुणाच्या का ओळखीनं होईना, हे शहर माणसाला कुठंतरी कोपऱ्यात टेकू देतं, हेही खरं.

आम्हाला घर मिळालं ते असंच, जुन्या पद्धतीनं. कांदिवलीला चारकोपमध्ये एका पोळीभाजी केंद्रावर मी एका फीचरसाठी गेले होते. केंद्रवाल्या ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, ‘आमच्या मागच्या गल्लीत सिस्टरांची वरची खोली रिकामी आहे. त्या जाहिरात देत नाहीत. बघा विचारून.’ सिस्टर म्हणजे महापालिकेच्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नर्सबाई. म्हाडाच्या वसाहतीतलं छोटं घर, खाली त्या राहतात, वर एक खोली, किचन, आणि गच्चीचा तुकडा. त्यांनी चष्मा लावून वहीत लिहायला घेतलं. ‘पूर्ण नाव सांगा.’

मी पूर्ण नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग पप्पांचं, मग आडनाव. त्यांनी ते नीट लिहिलं आणि मान वर करून विचारलं, ‘पाणी सकाळी साडेसहा ते आठ. भरून ठेवायला उठाल ना?’

बास. हाच एक प्रश्न. आम्ही दोघी एकदम ‘हो’ म्हणालो. (रात्रपाळीवाली रूममेट आजही त्या ‘हो’ची किंमत मोजते आहे.)

त्यांनी आणखी काहीच कसं विचारलं नाही, याचा मी पुढे खूप विचार केला. एकदा विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, ‘पस्तीस वर्षं वॉर्डात केस पेपर लिहिले. नाव, वय, तक्रार काय. चौथा रकाना नव्हता.’

जरा कामाचं बोलू

तुमच्यापैकी कुणी आत्ता सॅक भरत असाल तर चार गोष्टी सांगते. दलाली आणि टोकन देण्याआधी मालकाला प्रत्यक्ष भेटा आणि त्याच्या नावाचं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती बघा. ॲग्रीमेंट रजिस्टरच करा. ते आता ऑनलाइन होतं. आधार आणि अंगठ्यावर काम होतं, एजंट मशीन घेऊन घरी येतो. ‘सोप्या’ नोटरीवर भागवू नका. स्टॅम्प ड्युटीचं टेन्शन घेऊ नका. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के दरानं धरलेलं व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या पाव टक्का. आमच्या २४ हजार भाड्याला आणि लाखाच्या डिपॉझिटला ती सातशेच्या आतच आली. रजिस्ट्रेशनचे शहरात हजार. डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि ते किती दिवसांत परत मिळणार हे ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकानं द्यायची असते, तीही ऑनलाइन देता येते. तिची पावती मागून घ्या. घरात शिरण्याआधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा आणि ओल आलेल्या कोपऱ्याचा फोटो काढा आणि मालकाला पाठवून ठेवा. डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नको, असं केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात म्हटलंय खरं. पण तो आदर्श आहे, राज्यांनी स्वीकारला तरच लागू. म्हणून घासाघीस करताना उल्लेख करायला हरकत नाही, भरवसा ठेवू नका.

आणि ॲपवर डोळे लावून बसण्याऐवजी त्या भागात फिरा. पोळीभाजी केंद्र, इस्त्रीवाला, किराणावाला, वॉचमन. कुठल्या घराला कुलूप आहे हे त्यांना ब्रोकरच्या आधी कळतं.

लाल पेन

शिफ्ट झालो त्याच्या पुढच्या महिन्यात आई-पप्पा आले. आईनं आल्या आल्या किचन ताब्यात घेतलं. पप्पांनी ॲग्रीमेंट मागितलं. गच्चीत खुर्ची टाकून त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, लाल पेन घेऊन. जुनी सवय. सात शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. ‘अनुज्ञप्ती’ची वेलांटी दोनदा चुकलेली. मग जिथं माझं नाव आहे त्या ओळीवर थांबले. माझं, त्यांचं, आणि आडनाव. पूर्ण. त्याच्याखाली माझा फोटो आणि अंगठा.

‘हे बरोबर लिहिलंय,’ एवढंच म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

दुपारी सिस्टर वर आल्या. समोरच्या भिंतीवर फ्रेम टांगायला पप्पा खिळा ठोकत होते. त्या म्हणाल्या, ‘अहो, खिळ्यानं प्लास्टर निघतं, ड्रिल मारा. खालच्या मुलाकडे आहे, पाठवते.’ आणि पाठवलंसुद्धा.

आता नववा महिना चालू आहे. परवाच सिस्टर म्हणाल्या, पुढच्या ॲग्रीमेंटला भाडं दोन हजारांनी वाढवावं लागेल, बाकी तुम्ही राहा. दोन हजार जास्त आहेत. मासिकांचे चेक अजूनही ‘प्रोसेसमध्ये’च असतात. मी हजारावर आणायचा प्रयत्न करणार आहे. पण घासाघीस आहे ती फक्त पैशांची. अठरावा इंटरव्ह्यू द्यायचा नाहीये.